बोटीचं जुनं डिझेल इंजिन: हेड उघडण्याआधी या चुका टाळा

नर्मदाकाठच्या अक्कलकुवा-अक्राणीतल्या अनेक पाड्यांना बाजार, दवाखाना, शाळा गाठायची तर सरदार सरोवराच्या पाण्यातून बोट हाच जवळचा रस्ता. तापीवर प्रकाशा आणि सारंगखेड्याच्या बॅरेजचं पाणी आहे, नवापूरकडे उकाईचा फुगवटा, जळगाव जिल्ह्यात हतनूर. अशा पाण्यात फिरणाऱ्या लहान बोटीवर शेतीपंपाच्या जातीचं एक किंवा दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन असेल, म्हणजे लिस्टर टाइप, पीटर टाइप किंवा किर्लोस्करच्या धाटणीचं, तर ते जुनं झालं म्हणून टाकून द्यायची गरज सहसा नसते. सुटे भाग मिळतात, ट्रॅक्टर आणि पंप दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला ते समजतं, लेथचं काम शहादा, तळोदा, नंदुरबारला होऊन जातं.

पैसा वाया जातो तो निदान चुकल्यामुळे. इंजिन ओढत नाही, धूर मारतं, गरम होतं, की लगेच ‘हाफ काम काढावं लागेल’ असा निकाल लागतो. हेड (सिलिंडरचं वरचं झाकण) उतरतं, पिस्टनवरच्या रिंगा बदलल्या जातात, हजारांत बिल होतं आणि आठवड्याभरात तीच तक्रार परत येते. कारण बिघाड असतो दोन-पाच रुपयांच्या तांब्याच्या वॉशरमध्ये किंवा चपट्या झालेल्या पाण्याच्या नळीत. म्हणून तपासणीचा क्रम पक्का ठेवा: आधी डिझेल, मग हवा, मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब), मग पाणी. उघडण्याचं काम सर्वांत शेवटी.

धुराचा रंग पाहिला, पण कधी निघतो ते पाहिलं नाही

काळा धूर म्हणजे नोझल (डिझेल फवारणारा भाग) खराब, पांढरा म्हणजे हेड गॅसकेट, निळा म्हणजे रिंगा, एवढं पाठांतर पुरत नाही. तोच रंग वेगवेगळ्या वेळी वेगळी गोष्ट सांगतो.

काळा धूर दिसला तर बोट बांधून ठेवा, गिअर न्यूट्रलला घ्या किंवा कपलिंग सोडा आणि इंजिन रिकामं चालवा. रिकामं असताना धूर साफ आणि लोड आला की काळा, तर नोझलला हात लावू नका. एअर फिल्टर तुंबलाय, सायलेन्सर काजळीनं भरलाय, बोटीच्या तळाला शेवाळ धरलंय किंवा बोट ढकलणारा पंखा (प्रॉपेलर) इंजिनाला जड आहे, यांपैकी काहीतरी आहे. रिकाम्या इंजिनालाही काळा धूर येत असेल तर मात्र नोझल ठिबकतंय असं समजून पुढे जा.

पंखा जड आहे का, हे अंदाजावर सोडू नका. फ्लायव्हीलवर चकाकती पट्टी चिकटवून फेरे मोजायचं हातातलं टॅकोमीटर फार महाग नसतं, एखाद्याकडून मागूनही आणता येतं. इंजिनाच्या प्लेटवर १५०० फेरे लिहिलेत आणि नेहमीचं वजन घेऊन, लिव्हर पूर्ण ओढून ते जेमतेम १२०० वर जातं, पण रिकामं असताना सहज १५०० गाठतं, तर पंख्याचा व्यास किंवा पिच जास्त आहे. असं इंजिन रोज ओव्हरलोडमध्ये मरत असतं. त्याला नव्या रिंगा घालून काही उपयोग नाही.

पांढरा धूर गार सकाळी पहिली काही मिनिटं येणं साहजिक आहे. सातपुड्यातल्या डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे तर येणारच. इंजिन तापल्यावरही राहिला तर वास घ्या. डोळे झोंबत असतील आणि कच्च्या डिझेलचा वास असेल, तर डिझेल न जळता बाहेर पडतंय: कॉम्प्रेशन कमी, टायमिंग (डिझेल पडायची वेळ) मागे किंवा नोझलचा फवारा बिघडलेला. वास नाही, नुसती वाफ आहे आणि सायलेन्सरच्या तोंडाशी धरलेल्या गार पत्र्यावर पाण्याचे थेंब साचतात, तेव्हा गॅसकेटचा संशय घ्या. एक्झॉस्टमध्येच थंडाईचं पाणी सोडलेलं असेल तर ही खूण लागू पडत नाही, तिथे वाफ नेहमीचीच.

निळा धूर फक्त सुरू करताना एकदाच भपकन येतो आणि मग थांबतो, तर व्हॉल्व्हच्या गाइडमधून ऑइल उतरतंय. लोडवर सतत येतो तर रिंगा. पण त्याआधी ऑइल-बाथ एअर फिल्टरची वाटी उघडून बघा. खुणेच्या वर ऑइल भरलं की इंजिन ते ओढून जाळतं आणि धूर अगदी रिंगा गेल्यासारखा दिसतो. ऑइल खुणेपर्यंत आणा आणि परत चालवून पाहा.

हवा काढली, पण हवा येते कुठून ते शोधलं नाही

चालू असलेलं इंजिन मंद होतं, खालीवर झोके घेतं, बंद पडतं, हवा काढली की तासभर चालतं. ही सगळी लक्षणं डिझेल लाइनमध्ये हवा शिरण्याची आहेत. गव्हर्नर (फेरे सांभाळणारा भाग) खोलून बसणाऱ्यांनी आधी हे वाचावं.

शेतावरच्या इंजिनाची टाकी वर असते, डिझेल उताराने येतं. तिथे जॉइंट ढिला असेल तर डिझेल ठिबकतं आणि दिसतं. बोटीत जागेअभावी टाकी किंवा कॅन इंजिनाच्या खाली ठेवला जातो आणि फीड पंप डिझेल ओढतो. तिथे ढिला जॉइंट ठिबकत नाही, आत हवा ओढतो. बाहेरून सगळं कोरडं आणि स्वच्छ दिसतं, म्हणून बिघाड सापडत नाही. टाकी आणि फिल्टरच्या मध्ये वीतभर पारदर्शक डिझेल नळी जोडा आणि इंजिन चालवा. बुडबुडे दिसले तर गळती टाकीच्या बाजूला आहे. नाही दिसले तर नळी फिल्टरच्या पुढे लावून पुन्हा पाहा. दोन-तीन जागा बदलल्या की नेमका जॉइंट सापडतो. तपासणी झाली की ही नळी काढून टाका, ती कायमची तिथे ठेवायची वस्तू नाही.

बहुतेक वेळा दोष बँजो बोल्टच्या (डिझेल नळी जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याच्या वॉशरचा निघतो. एकदा दाबलेला वॉशर कडक होतो, पुन्हा आवळला तरी बसत नाही. नवा नसेल तर जुना गॅसच्या ज्योतीवर लालबुंद करा आणि पाण्यात टाका, तांबं मऊ होतं. मग काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून दोन्ही बाजू हलक्या हाताने सपाट करा आणि पुसून बसवा. पाना लांब घेऊन जोर लावण्यापेक्षा हे पाच मिनिटांचं काम खात्रीचं. बोल्टचा आटा गेला की खर्च दहापट होतो.

हवा काढताना क्रम पाळा. टाकी निम्म्याच्या वर असू द्या. आधी फिल्टरवरचा स्क्रू ढिला करा, बुडबुड्यांशिवाय धार आली की आवळा. मग फ्युएल पंपावरचा. मग हाय प्रेशर पाइपचा नोझलकडचा नट एक फेरा ढिला करा, डिकॉम्प्रेशन लिव्हर (सिलिंडरमधला दाब सोडणारा) वर करा, डिझेलचा लिव्हर पूर्ण उघडा आणि हँडल फिरवा. स्वच्छ डिझेल उडायला लागलं की नट आवळा. पुन्हा हँडल फिरवताना नोझलमधून ‘कर्र, कर्र’ असा आवाज आला पाहिजे. आवाज येत नसेल तर हँडल मारून दमू नका, हवा अजून आत आहे किंवा नोझल गेलंय.

टाकी खाली असेल आणि हा त्रास कायमचा झाला असेल, तर चार-पाच लिटरची छोटी टाकी इंजिनाच्या वर पक्की बसवून उताराने डिझेल देणं हा स्वस्त आणि टिकाऊ उपाय आहे. तळाशी बंद करायचा कॉक हवाच. टाकी सायलेन्सरच्या डोक्यावर कधीही नको.

डिझेल पाहून न भरणं

धक्क्यापर्यंत डिझेल कॅनमधून येतं, अर्धा कॅन घरी पडून राहतो, दिवसाच्या उन्हात तापतो, रात्री गार होतो आणि आतल्या हवेतलं पाणी तळाशी जमतं. पावसाळ्यात तर अधिकच. काचेच्या बाटलीत टाकीच्या तळाचं डिझेल काढून रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी पाण्याचा स्पष्ट थर दिसतो. गढूळ तपकिरी बुळबुळीत गाळ दिसला तर पाणी आणि डिझेलच्या सीमेवर जंतू वाढलेत. फिल्टर कितीही बदलले तरी ते तुंबत राहतील, टाकी उतरवून आतून धुवावीच लागेल.

कॅन ओतताना तळाचा शेवटचा अर्धा लिटर ओतू नका. गाळायला धागे सोडणारं फडकं वापरू नका, बारीक जाळीचं नरसाळं घ्या. रोज बोट बांधताना टाकी भरलेली ठेवली की आत हवा कमी राहते आणि पाणी कमी धरतं. रॉकेलमिश्रित स्वस्त डिझेल टाळा. पंपाचं एलिमेंट आणि नोझलची सुई यांना वंगण डिझेलचंच असतं, ते पातळ झालं की दोन्ही झिजतात.

नोझल आणि पंप: कुठे हात लावायचा, कुठे नाही

नोझल काढून हाय प्रेशर पाइपला बाहेरच जोडून हँडल फिरवलं की फवारा दिसतो. चांगला फवारा धुक्यासारखा आणि सारखा असतो, टोकाला थेंब लटकत नाही. धार पडत असेल किंवा थेंब साचत असेल तर नोझल ठिबकतंय. हे पाहताना हात, तोंड, डोळे फवाऱ्यासमोर आणू नका. २०० बारच्या आसपासच्या दाबाचं डिझेल कातडी फोडून आत शिरतं. वरून सुई टोचल्याएवढी खूण दिसते आणि आतून हात सडतो. असं झालं तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी, ताबडतोब शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात न्या आणि डिझेल प्रेशरने आत गेलंय हे स्पष्ट सांगा.

नोझलचा दाब डोळ्यांनी मोजता येत नाही. डिझेल पंप टेस्टिंगवाल्याकडे नोझल नेऊन दाब लावून आणणं हा खर्च अजिबात वाचवू नये. नवं नोझल घेतलं तरी दाब लावूनच बसवा. टोकाची काजळी पितळी ब्रशने काढा, तारेने भोकं कोरू नका. भोक किंचित मोठं झालं तरी फवारा कायमचा बिघडतो. बसवताना जुना तांब्याचा वॉशर आत खाली चिकटून राहिला नाही ना, हे टॉर्चने पाहा. दोन वॉशर एकावर एक बसले की नोझल वर उचललं जातं आणि इंजिन धूर मारत राहतं. ही चूक चांगल्या मिस्त्रींकडूनही होते.

फ्युएल पंपाचं एलिमेंट म्हणजे बॅरल आणि प्लंजर ही जोडी असते. एका पंपाचा प्लंजर दुसऱ्याच्या बॅरलमध्ये घालू नका. पंप उतरवलाच तर त्याच्याखालच्या पातळ शिमा मोजून, बांधून ठेवा. टायमिंग त्यांच्यावर असतं. शीम कमी केली की डिझेल लवकर पडतं, इंजिन ठोकतं. वाढवली की उशिरा पडतं, पांढरा धूर येतो आणि ताकद जाते.

टायमिंग घरी तपासता येतं. टीडीसी म्हणजे पिस्टन सर्वांत वर असतो ती जागा. समजा प्लेटवर टीडीसीच्या आधी २३ अंश लिहिलंय आणि फ्लायव्हीलचा घेर १८०० मिमी आहे. ३६० अंशांना १८०० मिमी, म्हणजे अंशाला ५ मिमी. टीडीसीच्या खुणेपासून घेरावर ११५ मिमी अंतरावर, फिरण्याच्या दिशेने आधी येईल अशी खूण करा. पंपावरचा हाय प्रेशर पाइप काढा, डिझेलचा लिव्हर चालू स्थितीत ठेवा, फ्लायव्हील हळूहळू फिरवा आणि पंपाच्या तोंडातल्या डिझेलकडे नजर ठेवा. ते पहिल्यांदा किंचित हलेल तो क्षण तुमच्या खुणेवर आला पाहिजे. दोन-तीनदा करून पाहा, कारण पहिल्या खेपेला नजर चुकते.

कॉम्प्रेशन गेलं म्हणायचं, पण कुठून गेलं?

गेज नसलं तरी चालतं. डिझेल बंद करा. फ्लायव्हील हाताने कॉम्प्रेशनच्या दिशेने रेटा. चांगल्या इंजिनात पिस्टन दाबावर आला की फ्लायव्हील उसळून मागे येतं. कमजोर इंजिनात हळूच निसटून पुढे जातं. आता मदतनिसाला फ्लायव्हील दाबावर धरून ठेवायला सांगा आणि कान लावा. फुसफुस एअर फिल्टरमध्ये ऐकू आली तर इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरमध्ये आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, क्रँक केसच्या ब्रीदरमधून आली तर रिंगा. पाण्याच्या आउटलेटमध्ये बुडबुडे आले तर गॅसकेट किंवा हेडला तडा. नोझलच्या बुडाशी आणि हेडच्या सांध्यावर साबणाचं पाणी लावा, गळती फेस काढून दाखवते.

दुसरी खातरजमा: नोझल काढून त्या भोकातून एक चमचा इंजिन ऑइल आत सोडा, नोझल बसवा, फ्लायव्हील चार-पाच वेळा फिरवा आणि पुन्हा तपासा. कॉम्प्रेशन स्पष्ट वाढलं तर रिंगा-लाइनर, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह किंवा गॅसकेट. चमचाभर म्हणजे चमचाभरच. डिझेल इंजिनात वर जागा फार कमी असते, जास्त ऑइल ओतून हँडल मारलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

हे सगळं करण्याआधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या डोक्यावरची फट, पाहा. दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, इंजिन गार असताना, प्लेटवर किंवा कंपनीच्या पुस्तकात दिलेला गॅप फिलरने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावा. गॅप शून्यावर आलेला व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन जातं, वर तो जळतो. ज्याला हेडचं काम म्हणून सांगितलं जातं ते कधी कधी एक पाना आणि एक फिलर एवढंच असतं.

व्हॉल्व्ह घासायची वेळ आली तर आधी जाड, मग बारीक ग्राइंडिंग पेस्ट. सीटवर अखंड करड्या रंगाचा पट्टा दिसला पाहिजे, मध्ये तुटलेला नको. हेड उलटं ठेवून व्हॉल्व्ह बसवा आणि वरच्या खोलगट भागात डिझेल ओता. दहा मिनिटांत पोर्टमध्ये उतरलं नाही तर काम झालं. पेस्टचा कण मागे राहू देऊ नका.

हेड बसवताना बोल्ट समोरासमोरचे, तीन टप्प्यांत आवळा, आणि काही तास लोडवर चालवून गार झाल्यावर पुन्हा तपासून घ्या, मग टॅपेट परत लावा. जुनी गॅसकेट ग्रीस लावून परत वापरू नका. नवी घेताना जाडी जुळवा. जाड गॅसकेट बसली की पिस्टन आणि हेडमधलं अंतर वाढतं आणि चांगल्या रिंगा असूनही गार सकाळी इंजिन उठत नाही. ते अंतर मोजायचं तर पिस्टनवर मऊ शिशाची तार ठेवा, हेड आवळा, फ्लायव्हील एकदा फिरवा. चपटी झालेली तार व्हर्नियरने मोजली की आकडा मिळतो.

झिजलेल्या लाइनरमध्ये नव्या रिंगा

बजेट कमी म्हणून फक्त रिंगा बदलायच्या, हा निर्णय कधी बरोबर असतो, कधी पैसे पाण्यात घालणारा. ते ठरवायला बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) मोजायचं गेज लागत नाही. एक नवी रिंग लाइनरमध्ये वरच्या बाजूला, जिथे सर्वांत वरची रिंग घासते तिथे, पिस्टनने ढकलून सरळ बसवा आणि तिच्या टोकांमधली फट फिलरने मोजा. मग तीच रिंग खाली, रिंगा पोचत नाहीत तिथे नेऊन मोजा. दोन आकड्यांतला फरक ३.१४ने भागा, आली व्यासातली झीज. वर ०.९० मिमी, खाली ०.४० मिमी असेल तर फरक ०.५०, झीज साधारण ०.१६ मिमी.

८०-९० मिमी बोअरच्या इंजिनात ०.१५ मिमीपर्यंत झीज असेल तर नव्या रिंगांवर आणखी काही काळ निघतो, हे आमचं मत. ०.२५च्या पुढे गेली तर लाइनर-पिस्टन सेटच घ्या किंवा लाइनर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन बसवा. मधल्या आकड्यांत बोट किती लांब आणि किती माणसं घेऊन जाते ते पाहून ठरवा. खोल पाण्यात माणसं नेणाऱ्या बोटीला ‘चालवून घेऊ’ हा हिशेब लावू नये.

गुळगुळीत झालेल्या लाइनरवर रिंगा बसत नाहीत. १८० ते २२० नंबरच्या पॉलिश पेपरने, डिझेल लावून, तिरक्या रेषा एकमेकींना छेदतील असं घासा. नंतर लाइनर कडक गरम पाणी आणि साबणाने, पांढरं फडकं काळं यायचं थांबेपर्यंत धुवा. नुसत्या डिझेलने धुतलं तर पेपरचे कण रेषांत अडकून राहतात आणि नव्या रिंगा तेच खातात. सुकल्यावर लगेच ऑइलचा हात द्या. रिंगांची तोंडं एका रेषेत ठेवू नका. नवीन काम झाल्यावर इंजिन तासन्‌तास रिकामं चालवत ठेवणं ही जुनी समजूत चुकीची आहे, त्याने रिंगा बसण्याऐवजी लाइनर पुन्हा गुळगुळीत होतो. मध्यम, कमीजास्त लोड द्या आणि वीस-पंचवीस तासांनी ऑइल बदला.

पाण्याची बाजू

नदीच्या पाण्यावर गार होणाऱ्या इंजिनात सगळ्यात आधी तुंबते ती इनलेटची जाळी: शेवाळ, पालापाचोळा, प्लास्टिक, पावसाळ्यानंतर काळ्या मातीचा गाळ. ती रोज पाहायची गोष्ट आहे. त्यानंतर सक्शनची नळी. साधी मऊ रबरी नळी गार असताना ठीक दिसते, इंजिन तापलं, फेरे वाढले की आतल्या ओढीने चपटी होते आणि पाणी थांबतं. इंजिन बंद करून पाहावं तर पुन्हा गोल. सक्शनला आतून तारेची नळीच लावा.

रबरी इंपेलरचा (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) पंप असेल तर तो कोरडा चालवू नका, मिनिटभरातही पाती जळतात. पातं तुटलेलं निघालं तर तुकडा शोधा. तो पुढच्या नळीच्या वळणात किंवा जॅकेटच्या (सिलिंडरभोवतीची पाण्याची जागा) तोंडात अडकलेला असतो आणि नवा इंपेलर घालूनही इंजिन तापतच राहतं. बसवताना ग्रीस नको, साबणाचं पाणी लावा.

आउटलेटला पाणी जोरात येतं तरी हेड तापतं, तर जॅकेटमध्ये क्षार धरलेत. लिटरला ५० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत, ५०-६० अंश गरम पाण्यात विरघळवा आणि बादली-पंप लावून दोन-तीन तास जॅकेटमधून फिरवा. फेस थांबला की भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा, शेवटी थोडा धुण्याचा सोडा घातलेलं पाणी फिरवा. अ‍ॅल्युमिनियमचे भाग लाइनमध्ये असतील तर सोडा टाळा. संडास धुण्याचं तीव्र अ‍ॅसिड ओतणारे क्षारांबरोबर लोखंडही खाऊन घेतात.

तापलेल्या हेडवर नदीचं गार पाणी ओतू नका, बिडाला तडा जातो. लोड काढा, मंद चालू ठेवा, मग बंद करा. पाणी पूर्ण थांबलं असेल तर मात्र लगेच बंद.

उलटी चूकही तेवढीच महाग पडते. मे महिन्यात गरम होतं म्हणून थर्मोस्टॅट (पाण्याचं तापमान राखणारी झडप) काढून फेकला जातो आणि वर्षभर इंजिन अति गार चालतं. गार सिलिंडरमध्ये डिझेल नीट जळत नाही, ऑइलमध्ये पाणी आणि काजळी साठते, रिंगा लवकर जातात. आउटलेटचं पाणी ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान राहील असं पाहा. थर्मोस्टॅट नसेल तर बायपासचा कॉक लावून पाणी कमी-जास्त करा.

समुद्रातल्या बोटींसाठी लिहिलेला एक सल्ला इथे तसाच उचलू नये: जस्ताचे अ‍ॅनोड, म्हणजे इंजिनाऐवजी स्वतः गंजणारे धातूचे तुकडे. गोड्या पाण्यात जस्तावर थर बसून ते काम करेनासं होतं. गरज असेल तर मॅग्नेशियमचे घ्या.

शाफ्ट, कपलिंग, ग्लँड

बोट जमिनीवर असताना केलेलं अलाइनमेंट पाण्यात टिकत नाही, कारण सांगाडा पाण्यात थोडा वेगळा बसतो. बोट दिवसभर पाण्यात राहू द्या, मग कपलिंगचे बोल्ट काढून दोन फ्लँजमधली फट वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फिलरने मोजा. १०० मिमीच्या फ्लँजला चारही जागी मिळून ०.१ मिमीपेक्षा जास्त फरक नको. फाउंडेशनखाली पत्र्याच्या शिमा घालून जुळवा. लाकडी पाया उन्हाळ्यात सुकतो, बोल्ट ढिले होतात, ते वर्षातून दोनदा आवळून पाहा. याच थरथरीने हाय प्रेशर पाइपला तडे जातात, म्हणून पाइपच्या क्लिपा काढून ठेवू नका.

शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथे पाणी अडवणारी ग्लँड कोरडी होईस्तोवर आवळणं ही सर्वांत सर्रास चूक. ग्लँडदोरी पाण्यानेच गार राहते. चालू असताना मिनिटाला दोन-तीन थेंब पडले पाहिजेत. कोरडी ग्लँड शाफ्टला खाच पाडते, मग कितीही दोरी भरा, गळणार. दोरीचे वेगवेगळे वळसे कापून घाला, सांधे १२० अंशांनी फिरवा.

ऑइल

डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली तर आनंद नको. डिझेल किंवा पाणी आत उतरतंय. दुधट म्हणजे पाणी, पातळ आणि डिझेलच्या वासाचं म्हणजे एलिमेंट किंवा ठिबकतं नोझल. दोन्ही बाबतींत इंजिन चालवू नका. पातळ ऑइलची पातळी वाढत गेली तर इंजिन स्वतःचंच ऑइल जाळून सुसाट सुटतं, डिझेल बंद केलं तरी थांबत नाही. अशा वेळी एअर फिल्टरच्या तोंडावर सपाट फळी दाबा किंवा डिकॉम्प्रेशन लिव्हर उचला. हाताने किंवा फडक्याने तोंड बंद करू नका, आत ओढलं जातं.

बदललेलं ऑइल आणि बोटीच्या तळात साचलेलं तेलकट पाणी नदीत सोडू नका. याच पाण्यावर काठचे पाडे जगतात, मासेमारीही यावरच. इंजिनाखाली पत्र्याचा ट्रे ठेवा, ऑइल कॅनमध्ये भरून तालुक्याला न्या.

हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा. टायमिंग पुढे असलेलं इंजिन उलटा झटका देतं आणि अंगठा मागून वेढलेला असेल तर मनगट मोडतं. गार इंजिन उठवायला एअर फिल्टरमध्ये पेट्रोल किंवा स्टार्टर स्प्रे मारू नका. त्याऐवजी इनलेटला गरम पाण्यात पिळलेलं कापड गुंडाळा आणि जॅकेटमध्ये गरम पाणी भरा.

बोटीवर कायम असाव्यात अशा वस्तू एका पत्र्याच्या डब्यात बसतात: दाब लावून आणलेलं एक नोझल, हाय प्रेशर पाइप, तांब्याच्या वॉशरचा पुडा, डिझेल फिल्टर, इंपेलर किंवा पंपाचा पट्टा, हातभर ग्लँडदोरी, नळीच्या क्लिपा, फिलर, दोन-तीन नेमके पाने, टॉर्च. नोझल इंजिन ऑइलमध्ये बुडवून प्लास्टिकमध्ये गुंडाळा, तोंडाला टोपण लावा. शेजारी वल्हं, लोखंडी नांगर, लांब दोर आणि माणशी एक लाइफ जॅकेट. भर पाण्यात इंजिन बंद पडलं की आधी नांगर टाका, मग डबा उघडा.